होऊन जाईल

मराठीतून जपानीत न्यायला सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं की समोरच्याची अपेक्षा असते मी एखादी ओवी सांगेन, नाहीतर लावणीतली ओळ. ओवीचं काही ना काही करता येतं हो. मला आजवर खरा घाम फोडला तो दोन साध्या शब्दांनी. होऊन जाईल.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका सरकारी कचेरीत दुभाषी म्हणून गेले होते. काच टाकलेलं टेबल, काचेखाली कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डं, बशीत मांडलेली बिस्किटं आणि दोन घोटांत संपणारा चहा. पलीकडे चार जपानी पाहुणे, पाठी ताठ, मांडीवर वह्या. विषय पर्यटनाचा. मागणी अगदी बारीक होती: लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर चार-पाच ठिकाणी जपानीत पाट्या लागतील का? मजकूर आम्ही देतो, थोडा खर्चही उचलतो. साहेब मोकळ्या स्वभावाचे. म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं! होऊन जाईल."

मी म्हटलं, "दाइजोबु देस." म्हणजे काळजी नको, जमेल. त्या क्षणी तेच सुचलं. चौघांतला सगळ्यात तरुण जो होता त्याने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "साधारण कधीपर्यंत?"

मी ते मराठीत विचारलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातलंच कुणीतरी भर मांडवात मानपानाचा हिशेब काढतंय. मग म्हणाले, "दिवाळीनंतर बघू की." मी त्याचं ‘नोव्हेंबरच्या मध्यानंतर’ केलं. त्याने लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. पट्टी न लावता, पण सरळ.

ती रेघ बघूनच माझ्या पोटात खड्डा पडला.

जपानी माणूस रोखठोक, दिलेला शब्द पाळणारा, आणि आपण गोलमाल, असं पुण्यातल्या जपानीच्या क्लासांत हमखास सांगतात. मीही शिकवत होते तेव्हा सांगायचे. ते अर्धंच खरं आहे. नकार द्यायचा तर जपान्याइतकं आडवळण कुणी घेत नाही. ‘केन्तो शिमास’, म्हणजे शब्दशः ‘विचार करून पाहतो’. हे ऐकलं की फाइल बंद झाली असं समजावं. ‘मुझुकाशी देस ने’, ‘जरा अवघड आहे नाही का’, असं म्हणत कुणी दातांतून हवा आत ओढली तर फाइल जाळली असं समजावं. आपलं ‘बघतो’ आणि त्यांचं ‘केन्तो शिमास’ ही सख्खी भावंडं आहेत. भांडण होतं ते ‘होऊन जाईल’पाशी. या वाक्यात कर्ताच नाही. पाऊस पडतो, सावली सरकते, तशी पाटी लागेल. कोण लावणार हा प्रश्न विचारणं म्हणजे पावसाला पत्ता विचारणं. तसं कर्ता गाळायची हौस जपानीलाही भारी आहे, पण ते तारीख गाळत नाहीत.

या कामातून माझी ज्याच्याशी सगळ्यात जास्त ओळख झाली तो प्रांत वाकायामा. जपानमध्ये असे ४७ प्रांत आहेत. ओसाकाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेलं ‘की’ नावाचं द्वीपकल्प आहे, त्याच्या पश्चिम-दक्षिण अंगाला हा पसरलेला. २०१३ साली महाराष्ट्र शासनाने या प्रांताशी सामंजस्य करार केला. पर्यटन आणि अन्नप्रक्रिया हे मुख्य विषय. बातमी वाचली तेव्हा मला हसूच आलं. आपण सव्वाअकरा कोटी, ते जेमतेम नऊ-दहा लाख. तरी तेव्हा मी आकडे नीट पाहिले नव्हते.

वाकायामाचं क्षेत्रफळ ४,७०० चौरस किलोमीटरच्या थोडं वर. आपल्या सिंधुदुर्गाचं ५,२०० च्या आसपास. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाख, आणि ती आधीच्या जनगणनेपेक्षा कमी झालेली. वाकायामाचीही दर मोजणीला कमीच होते. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, जमिनीचा मोठा हिस्सा जंगलाखाली, फळबागांवर संसार, तरुण पोरं मोठ्या शहरात आणि घरात म्हातारी माणसं. माझं आजोळ कुडाळजवळचं. वाकायामाच्या एका स्टेशनाबाहेर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा बंद दुकानांची रांग, एक म्हातारी आणि तिची चाकांची पिशवी बघून मला आजोळच्या भर दुपारच्या बाजाराची आठवण आली. करार राज्याने केला, पण जोड जिल्ह्याशी जुळत होती.

आणि त्यांची आंबट फळं! सिंधुदुर्गाला हापूस तसा वाकायामाला ‘उमे’. जपानात पिकणाऱ्या उमेपैकी निम्म्याहून जास्त या एका प्रांतात पिकतो. इंग्रजीत त्याला प्लम म्हणून मोकळे होतात, पण तो जर्दाळूचा जवळचा नातेवाईक. जूनमध्ये फळं उतरवायची, मिठात दाबून ठेवायची, पाणी सुटतं त्यातच मुरू द्यायची आणि कडक उन्हाळा आला की सुपांवर पसरून तीन-चार दिवस वाळवायची. याला ‘उमेबोशी’ म्हणतात. अन्नप्रक्रियेच्या एका बैठकीत या उमेबोशीचं मराठी काय करावं यावर माझी गाडी अडली होती. शेवटी म्हटलं, "खारातली कैरी असते ना, तशी, फक्त फळ वेगळं आणि खारातून काढून उन्हात घातलेली." टेबलाच्या या बाजूला लगेच चर्चा सुरू झाली. एका गृहस्थांच्या मते मिठाचं प्रमाण कमी होतं. चाखून बघितल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि एवढंच म्हणाले, "नाही, आहे." नंतर बराच वेळ पाणी पीत होते. करारातल्या ‘अन्नप्रक्रिया क्षेत्रातील सहकार्य’ या कलमावर पुढे काय झालं ते फायलींना माहीत, पण त्या टेबलावर सहकार्य झालं होतं.

आता कोयासान. याच्याबद्दल मी थोडं पाल्हाळ लावणार आहे.

कोयासान हा वाकायामातला मठांचा डोंगर. उंची साधारण ८०० मीटर, म्हणजे आपल्या माथेरानएवढी, आणि वर जायला माथेरानसारखीच एक मजेची गाडी, फक्त ती दोरीने ओढलेली. कूकाई नावाच्या भिक्षूने नवव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मठ वसवला. तो ८०४ साली चीनला गेला आणि तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला. परत आला तो तांत्रिक बौद्ध पंथ घेऊन, आणि त्याबरोबर सिद्धम् लिपी घेऊन. ही लिपी आपल्याकडे कधीच मागे पडली. कोयासानवर ती आजही लिहितात.

तिथल्या ओकुनोइन नावाच्या दफनभूमीत दोन लाखांच्या वर समाध्या आहेत. प्रचंड देवदार, शेवाळलेले दगड आणि समाध्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्या. त्या फळ्यांवर वरून खाली पाच अक्षरं: खं, हं, रं, वं, अ. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी. ‘र’ मला ओळखता आला, ‘अ’ जरा वेळाने दिसला. बरोबरच्या जपानी बाईंना ती अक्षरं वाचता येत नव्हती. मी बोट ठेवून वाचली, तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच ओशाळले. यात माझं काय कर्तृत्व? पाटीवर गिरवलेलं एवढंच. तिथे ‘आजिकान’ नावाची ध्यानाची पद्धत आहे. कमळावर काढलेलं एकच अक्षर समोर ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत श्वास सोडायचा. ते अक्षर ‘अ’. आपला ‘अ’ अननसाचा, तिथला ‘अ’ ज्याला जन्म नाही त्याचा.

जपानी मुळाक्षरांचा क्रमही पाहा: अ इ उ ए ओ, आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ‘च’च्या जागी ‘स’ आणि ‘प’च्या जागी ‘ह’ सोडला तर ही आपलीच बाराखडी शिकलेल्या माणसाची मांडणी. मठांतल्या संस्कृतच्या अभ्यासातून ती आली. पुण्यात संध्याकाळच्या क्लासात पहिल्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर तो तक्ता काढला तेव्हा मला वाटलं होतं, वा, किती सोपी भाषा आहे. भ्रम दोन महिने टिकला.

(ओकुनोइनमध्येच एक स्मारक वाळवीचंही आहे. कीड मारणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने उभारलेलं. त्यावर लिहिलंय, ‘वाळवींनो, शांत झोपा.’ मला हे फार आवडलं. आपल्याकडे मारणारा मेलेल्याची इतकी विचारपूस करत नाही.)

मुक्काम मठातच करायचा. जेवणाला ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात. मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. आमच्या गटातल्या एका आजी चातुर्मास पाळायच्या. परदेशात निघाल्यापासून त्या पोह्यांच्या चिवड्यावर आणि दशम्यांवर होत्या. इथे ताट समोर आलं, मी एकेक पदार्थ समजावून सांगितला, आणि आजी म्हणाल्या, "म्हणजे यांचं हे कायमच चालू असतं?" मग तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

याच डोंगरावरच्या कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते. दोन सरकारांच्या मैत्रीत पुतळे येतातच, त्यात नवल नाही. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत, आणि ते महाराष्ट्रात आहेत ते १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेमुळे. कोयासानचा धर्म समुद्र ओलांडून, चीनमधून, मंत्र आणि मंडलं घेऊन आला. दीक्षाभूमीचा धर्म एका माणसाने डोळे उघडे ठेवून, वाचून, वाद घालून निवडला. दोन्हींची कुळी एक, वळण पार वेगळं. जपानी प्राध्यापकाला बावीस प्रतिज्ञा समजावून सांगताना मला हे जाणवलं. त्यांना शब्द कळले. इतकं काय काय नाकारावं लागलं, ते का, हे कळायला वेळ लागला. मी पाण्याच्या तळ्याची गोष्ट सांगितली. महाड हे नाव त्यांनी तीन वेळा म्हणून पाहिलं.

नागपूरचा विषय निघालाच आहे तर भदंत सुरई ससाईंचं सांगते. ते मूळचे जपानच्या ओकायामा प्रांतातले, साठच्या दशकात भारतात आले आणि नागपूरचेच झाले. इकडे पुण्याचं मैत्र आहे तेही ओकायामाशीच. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे ओकायामातल्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेची पुणेरी आवृत्ती. त्या बागेला करार, कोनशिला, उद्घाटन सगळं आहे. ससाईंना यातलं काहीच लागलं नाही. एक माणूस आला, राहिला. दोन्ही ओकायामाचेच. पुणेकरांना त्यातला एकच ओकायामा माहीत असतो.

व्यापाराच्या गोष्टीत मी फार रमत नाही, पण एक सांगायला हवी. मुंबई आणि जपान यांना बांधणारा पहिला धागा खरोखरच सुताचा होता. १८९३ साली निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीने टाटांच्या साथीने कोबे ते मुंबई अशी नियमित बोट सुरू केली, कारण जपानच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता आणि इंग्रजी कंपनीचं भाडं परवडत नव्हतं. जपानची ही पहिली लांब पल्ल्याची परदेशी फेरी. इंग्रजी कंपनीने भाडी पाण्याच्या भावाने उतरवून बघितली, तरी फेरी टिकली. वऱ्हाड-खानदेशाच्या काळ्या मातीतला कापूस ज्या वाटेने मुंबईला जायचा, त्याच पट्ट्यात अजिंठा आहे. बोलीभाषेत सांगायचं तर कापूस आधी गेला, चित्रं बघायला माणसं नंतर आली.

आली ती मात्र जीव लावून. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या प्रती काढत होते. तेव्हाच्या जपानी प्रतींपैकी बऱ्याच टोकियोत १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. पुढे म्हातारपणी हेच काम्पो नारातल्या होर्‍यूजी मंदिरातल्या भिंतींच्या प्रती काढायच्या कामाला लागले. होर्‍यूजीची ती चित्रं आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, दोन्ही शेजारी ठेवले तर मान, भुवया, हातातलं कमळ बघून कुणालाही नातं दिसावं. काम्पो १९४५ साली वारले. काम इतरांनी पुढे चालू ठेवलं, आणि २६ जानेवारी १९४९ ला, प्रती काढण्याचं काम सुरू असतानाच, मंदिराला आग लागून मूळ चित्रं करपली. जपानात दर वर्षी २६ जानेवारीला देवळांमध्ये आग विझवण्याची कवायत होते. आपण झेंडावंदन करत असतो तेव्हा तिकडे पाण्याचे फवारे उडत असतात.

म्हणून अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि सोयींसाठी जपानने १९९२ पासून दोन टप्प्यांत सवलतीचं कर्ज दिलं, त्यात मला नुसता व्यवहार दिसत नाही. त्या पैशांतून रस्ते झाले, पाणी आलं, लेण्यांचं दर्शन घडवणारी मोठी अभ्यागत केंद्रं उभी राहिली. ती केंद्रं पुढे वीज-पाण्याच्या थकबाकीत बंद पडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते बराच वेळ कुणाला दाखवलं नाही. कर्जाचे हप्ते येनमध्ये असतात. विजेचं बिल रुपयात. अडलो ते रुपयापाशी.

याच्या उलटही एक बघितलंय. जपानने १९८६ पासून भारतीय आंबा बंद केला होता, फळमाशीच्या भीतीने. २००६ साली तो पुन्हा सुरू झाला, एका अटीवर: आंब्याला बाष्पाची उष्णता द्यायची, गराच्या आतपर्यंत साडेसत्तेचाळीस अंश, आणि तिथे वीस मिनिटं धरून ठेवायची. वाशीला पणन मंडळाच्या सुविधेत हे होतं. हंगामात जपानहून तपासनीस येतो, प्रत्येक खेपेवर उभा राहतो. एका वर्षी आठवडाभर मी त्याच्या बरोबर होते. बाहेर मे महिना, आत वाफ, आणि हा माणूस पूर्ण बाह्यांच्या शर्टात काट्याकडे टक लावून. काटा सत्तेचाळीसवर थबकला की तिथल्या कामगार पोरांचाही श्वास थांबायचा. पहिल्या दिवशी ती पोरं त्याची नक्कल करायची. चौथ्या दिवशी त्यांच्यातलाच एक त्याच्याआधी म्हणाला, "अर्धा अंश कमी आहे, थांबा."

पेटी भेट दिली तर घेईना. नियम. शेवटच्या दिवशी मात्र बाहेरच्या गाडीवाल्याकडून त्याने स्वतःच्या पैशांनी एक हापूस घेतला, उभ्याउभ्या खाल्ला, बाही कोपरापर्यंत माखली. मग गाडीवाल्याकडे पावती मागितली. गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बिचाऱ्याने बिडीच्या बंडलाच्या कागदामागे ‘आंबा १’ असं लिहून दिलं. तपासनिसाने तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

पाट्यांचं राहिलंच. दिवाळी आली, गेली. वर्षभराने तीच चौकडी परत, तीच कचेरी. तरुणाने वहीचं तेच पान उघडलं, रेघेवर बोट ठेवलं. खुर्चीत साहेब नवीन होते. जुन्यांची बदली झालेली. त्यांनी सगळं नीट ऐकलं, शिपायाला चहा सांगितला आणि म्हणाले, "हो का? मग होऊन जाईल."

या खेपेला मी भाषांतर केलं नाही. नुसतं त्या मुलाकडे पाहिलं. त्याने हलकेच विचारलं, "मागच्या वेळीही हेच शब्द होते ना? याचा नेमका अर्थ काय?" दुपारी जेवताना मी त्याला अर्थ सांगितला. कर्ता नाही, तारीख नाही, वाईट हेतूही नाही. त्याने देवनागरीत ते दोन शब्द माझ्याकडून लिहून घेतले आणि बऱ्याच वेळा घोकले. ‘ळ’ येत नाही म्हणून मुलं रडतात. याला ‘ल’च जमत नव्हता, ‘जाईर’ व्हायचं.

संध्याकाळी पुन्हा बैठक. निरोपाची वेळ झाली तेव्हा साहेबांनी सहज विचारलं, "तुमच्याकडचं माहितीपत्रक मराठीत कधी काढताय? आमची माणसंही येतील की तिकडे." मी तोंड उघडायच्या आत तो तरुण उठला, किंचित वाकला आणि म्हणाला, "होऊन जाईर."

साहेब क्षणभर गप्प. मग पुढे झुकून म्हणाले, "ते ठीक. पण कधीपर्यंत?"